भिंतीवरची आक्कासाहेब

२० ऑगस्ट, नांदेड

आज पुन्हा तेच. साडेसात वाजले, सिरियल लागली, सेटवरच्या दिवाणखान्यात कॅमेरा फिरला आणि भिंतीवरच्या माझ्या फोटोवर येऊन थांबला. चंदनाचा हार, खाली खोटी समई. आणि इथं दादाच्या हॉलमध्ये, सोफ्यावर मला खेटून बसलेल्या माझ्या मायनं पदर तोंडाला लावला.

"लई गुणाची व्हती वो मव्ही पोरगी. अशी कशी गेली."

मी शेजारी बसून मेथी निवडत होते. मीच ती गुणाची पोरगी.

म्हटलं, "माय, मी मिना. ही काय, हितंच हाय मी."

माझ्याकडं वरून खाली बघितलं. "बाई, तुमी मेथी निवडा. काड्या लई ठिवायल्या."

वहिनीला आधी हसू आलं. मग तीच ओट्याकडं तोंड करून डोळे पुसत उभी राहिली. काड्या खरंच राहिल्या होत्या.

२२ ऑगस्ट

नीट लिहून ठेवते. नाहीतर उद्या मलाच आठवायचं नाही, आमच्या घराण्यात आता ते चालू झालंच आहे.

सिरियलमध्ये मी आक्कासाहेब. खाष्ट सासू. नथ, पैठणी, डोळे वटारणं. अर्ध्या महाराष्ट्रानं शिव्या घातल्या मला, इतकं चांगलं चाललं होतं. मग संक्रांतीच्या सुमारास चॅनेलला वाटलं गोष्ट अडकली. आक्कासाहेबांची गाडी घाटात दरीत गेली. प्रेत सापडलं नाही असं दाखवलं. लेखकानं स्वतः येऊन सांगितलं, "मॅम, बॉडी मुद्दाम दाखवली नाही. दार उघडं ठेवलंय." आणि पराग, आमचा ई.पी., म्हणजे सेटवरचा सगळा कारभार ज्याच्या हातात, तो म्हणाला, "दुसरीकडं इतक्यात काही घेऊ नका. कधीही बोलावू."

नाही घेतलं. आलेली दोन कामं सोडली. मग दादाचा फोन आला, माय विसरायली म्हणून, तर मुंबईतली भाड्याची खोलीही सोडली आणि इथं आले.

तेव्हा मला विसरली नव्हती. ऑटोतून उतरले तर दारातून ओरडली, "मिनी आली गं!" शेजारणीचं नाव आठवेना, जेवलो की नाही आठवेना, पण मिनी आठवत होती. मग रोज साडेसातला हार घातलेली मिनी बघून बघून तिच्या डोक्यात ते पक्कं बसलं. मिनी मेली. घरात फिरायली ती कोणतरी कामाला ठेवलेली बाई.

टीव्ही लावू नका म्हणावं तर आकांत करते. "मव्ह्या पोरीला बघू द्या रे, मुडद्याहो!" दादानं एकदा वायर काढून ठेवली. माय अन्नाला शिवली नाही.

आक्कासाहेब जिवंत झाली पाहिजे. एका सीनपुरती तरी. टीव्हीनं मारलंय तर टीव्हीनंच उठवलं पाहिजे. माझ्या सांगण्याला इथं कुणी विचारत नाही.

२५ ऑगस्ट

परागला सकाळी फोन केला, उचलला नाही. दुपारी केला, कट. संध्याकाळी लागला.

मी: एक सीन दे. फ्लॅशबॅक दे, कुणाच्या तरी स्वप्नात घाल. दवाखान्यात पट्ट्या बांधून झोपव, नुसते डोळे उघडते.
तो: मॅम, तुमची ही पॅशन ना...
मी: पैसे देऊ नको.
तो: अहो असं नका बोलू. ट्रॅक ओपन आहे. गणपतीनंतर चॅनेलबरोबर बसतोय आम्ही.

मायचं सांगितलं नाही. का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर "सो सॉरी मॅम" म्हणाला असता आणि मी कामातून उठून कीव करायच्या खात्यात गेले असते. आणि खरं सांगायचं तर दोन्ही आहे. मायला मी जिवंत दिसायला पाहिजे, आणि मलाही मी जिवंत दिसायला पाहिजे. यात कुठलं किती, ते मी बघत नाही. बघायची हिंमत नाही.

३० ऑगस्ट

उद्या महालक्ष्म्या बसायच्या. वहिनीनं माळा झाडायला काढला, त्यात जुना अल्बम निघाला. शाळेच्या गॅदरिंगचे फोटो, सगळे वजिराबादेतल्या फोटो स्टुडिओवाल्या सलीमचाचांनी काढलेले. त्यांच्याच फोटोंचं पाकीट घेऊन मुंबईला गेले होते मी. नर्स झाले, शेजारीण झाले, हवालदारीण झाले, मयताच्या सीनमध्ये मागं बसून रडणारी बाई तर इतक्यांदा झाले की लोक ओळखायचे नाहीत पण रडणं ओळखायचे.

एक सर होते शब्दोच्चार शिकवणारे. माझ्या तोंडून "लई" निघालं की टेबलावर पट्टी. "न्हाई" निघालं की पट्टी. शेवटी नांदेड सगळं उपटून काढलं तोंडातून. जिथं गेले तिथं विचारायचे, तुम्ही पुण्याच्या का? मला काय आनंद व्हायचा, मेला.

मी घर सोडून गेले म्हणून माय बरेच महिने बोलली नव्हती. मग पहिल्यांदा टीव्हीवर दिसले. नर्स. एकच वाक्य, "डॉक्टर आलेत." मायनं गल्लीत पेढे वाटले. तेव्हापासून माझं एक काम चुकवलं नाही तिनं. मी घरी यायची दिवाळीला, दोन दिवस, तेही फोन कानाला लावून. टीव्हीतली मात्र रोज यायची, वेळेवर.

आता दोघींपैकी तिनं कुणावर विश्वास ठेवायचा? तिचं काय चुकलं?

३ सप्टेंबर, लातूर

इथल्या एका मंडळानं आरतीला बोलावलं. आक्कासाहेबांच्याच वेशात या म्हणाले. पैठणी, नथ, आडवं कुंकू, सगळं चढवलं. किती दिवसांनी. आरशात बघून रडायला आलं, मेकअप खराब होईल म्हणून थांबवलं.

गाडीतून उतरले आणि समोर फ्लेक्स. हा एवढा मोठा. "आक्कासाहेबांचे लातूर नगरीत हार्दिक स्वागत." आणि फोटो? तोच. चंदनाच्या हाराचा. खाली समईसकट.

मंडळाच्या पोरांना म्हटलं, अरे हे काय केलंत? अध्यक्ष म्हणाला, "मॅडम, मोबाईलवर बाकीचे धुरकट येऊ लागलेत. ह्योच क्लिअर भेटला." त्याच्या तोंडावर काहीसुद्धा नाही, अगदी निर्मळ. वर म्हणतो, "वाईट वाटून घेऊ नका, मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतंय."

मग बायकांची गर्दी. एकीनं दंडाला चिमटाच काढला. "अगं बाई, जित्त्या हाव की वो तुमी!"

म्हटलं, हाव. हे एक माझ्या मायला येऊन सांगता का, असं पुढं म्हणावंसं वाटलं.

आरती झाल्यावर ओंकार म्हणून एक जण भेटला. रेणापूरचा. सिनेमा करायलाय, पहिलाच. नवरात्रात शूटिंग, रेणापूरजवळच. कापूस वेचणाऱ्या बाईचं काम, तीच मुख्य. पानं दिली, म्हणाला वाचा. वाचलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "जरा पुण्याचं वाटायलंय. पण येईल परत. आपल्याच हाव की तुमी."

काम चांगलं आहे. वाचताना पुढचं पान उलटायची घाई झाली इतकं चांगलं आहे. पण तारखा म्हणजे बरोबर परागची मीटिंग झाल्यानंतरच्या. मी म्हटलं, सिरियलवाल्यांनी थांबायला सांगितलंय.

"मेलेल्याला कामून थांबवून ठिवलंय त्यायनी?" असं म्हणाला आणि हसला. चेष्टेतच म्हणाला. मी ताडकन उठले. सांगितलं, नाही जमणार.

लॉजवर आल्यावर पानं बघते तर हातातच राहिलीत. परत करायची विसरले.

४ सप्टेंबर, नांदेड

आज जे केलं ते करायला नको होतं.

सकाळी लातुरात अजून एका मंडळात जायचं होतं म्हणून पुन्हा सजले होते. त्यांच्याच गाडीनं परत आले. वाटेत कपडे बदलता आले असते. बदलले नाहीत. डोक्यात एकच. माय मला ओळखत नाही कारण मी गाऊनमध्ये, केस पांढरे, तोंड उतरलेलं. आक्कासाहेबाला तर ओळखते ना? मग आक्कासाहेब होऊनच तिच्यासमोर उभी राहते. हात लाव म्हणते. हाडामांसाची आहे, बघ म्हणते.

बरोबर साडेसातच्या आधी पोचले. सिरियल लागली, फोटो आला, मायनं पदर तोंडाला लावला, आणि मी टीव्हीच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

मायनं पदर खाली घेतला. फोटो बघितला, मला बघितलं. मला वाटलं झालं, ओळखलं. मी हात पुढं केला.

तर ती सोफ्यावर पाय वर घेऊन मागं सरकली. हात जोडले मला.

"कशात जीव अडकला गं तुव्हा? काय ऱ्हायलं तुव्हं? सांग माय, पर अशी येऊ नगं."

मग वहिनीला ओरडली, मीठ-मिरच्या आण, हिला वाटंला लाव. वहिनी बिचारी आणून उभी. माझ्याकडं बघायली, काय करू? मी मान हलवली. उतरवल्या तिनं माझ्यावरून. मी पैठणीत, नथीत, स्वतःच्या घरात भूत होऊन उभी. मग आत गेले, तोंड खसाखसा धुतलं, गाऊन घालून बाहेर आले.

मायनं माझा हात धरला. घट्ट. "बाई, तुमी कुठं गेल्ता? आत्ता मव्ही पोरगी आल्ती. लई सजून आल्ती." झोपेपर्यंत हात सोडला नाही.

इथं आल्यापासून तिनं माझा हात ओळखून धरला होता तो एकदाच, ऑटोतून उतरले तेव्हा. त्यानंतर आज. मी पण नाही सोडला.

१० सप्टेंबर

पितृपक्ष लागला. शेजारच्यांनी स्लॅबवर पान ठेवलं, कावळ्यांची काव काव. मायनं ऐकलं.

"मिनीला कवा ठिवायचं पान?"

दादा भडकला. "जित्या बहिणीचं पान ठिवू का मी? डोस्कं फिरलंय का सगळ्यांचं?" ताटावरून उठून गेला. तसा शांत माणूस आहे, कॉलेजात शिकवतो, कधी आवाज चढत नाही त्याचा. जिन्यात उभा राहून नाक पुसत होता.

माय ऐकेना. आणि मी सजून समोर उभी राहिले त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर नाही. मिनी सजून येऊन उभी राहते म्हणते. टीव्हीच्या बाजूच्या कोपऱ्याकडं बघत नाही. ते भूत मी आणून ठेवलंय तिथं. आता मीच ते काढलं पाहिजे.

दादाला म्हटलं, ठेवू दे. तो म्हणाला, "मिने, तुला काही वाटत न्हाई का गं?" वाटतं की. काय वाटतं ते त्याला कुठं सांगत बसू.

कुठल्या तिथीला, तर मायच म्हणाली, "घाटातून पडली, सापडली न्हाई. तिथी कोनाला ठावं? अवसंला ठिवा." सगळं विसरली पण हे बरोबर आठवतं.

१६ सप्टेंबर

पराग: "चॅनेल पॉझिटिव्ह आहे मॅम."

पॉझिटिव्ह म्हणजे काय रे? "म्हणजे निगेटिव्ह नाही."

ओंकारचा पण फोन आला. शेवटचं विचारतो म्हणाला. मी म्हटलं, आठ दिवस थांब. तो म्हणाला, नवरात्र आलंच की मॅडम. आणि ठेवला.

पानं अजून पर्समध्ये आहेत. वाचत नाही. एकदाच वाचली. दोनदा.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

सकाळपासून मायच्या अंगात वेगळीच ताकद. आंबाड्याची भाजी, वडे, खीर, दहीभात. वहिनीला हे घाल, ते घाल. "मिनीला खिरीत येलदोडे लई आवडायचे." खरं आहे. आवडतात.

दादा वर आला नाही. आम्ही तिघी स्लॅबवर. मायनं केळीचं पान मांडलं, पाणी फिरवलं, आणि आम्ही टाकीच्या आडोशाला बसलो.

कावळा आला. टाकीवर बसला, मान वाकडी करून पान बघितलं, उडून गेला. परत आला. कठड्यावर बसला. पानाला शिवेना. शेजारच्या पानावर दोनदा जाऊन आला मेला, आमच्या नाही.

मायचा चेहरा उतरला. "काय तरी ऱ्हायलंय तिचं." मग माझ्याकडं वळली. "ओ बाई, तुमी तिच्यासंगं व्हत्या ना मुंबईला? काय ऱ्हायलंय तिचं? काय मागायची ती?"

काय सांगू? म्हणता आलं असतं, तिला तुझ्याजवळ यायचं होतं. तुझ्या मांडीवर डोकं ठेवायचं होतं. म्हणायला पाहिजे होतं. कुठलीही लेक हेच म्हणाली असती. आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"तिला परत टीव्हीत जायचं होतं."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

मायनं हात जोडले. कावळ्याला म्हणाली, "जाशील गं बाई. घेतील तुला परत. मी सांगते त्यायला. लई चांगलं काम करती मव्ही पोरगी, म्हून सांगते. फिकीर करू नगं. खा माय, खा."

आणि कावळा उतरला. सरळ खिरीत चोच घातली.

माय रडली नाही. पदरानं तोंड पुसलं, म्हणाली, "सुटली." आणि कठडा धरत खाली गेली.

मी बसून राहिले. कावळा शितनशीत खाईपर्यंत. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टींवर सीनमध्ये सुद्धा हसणारी. पण खोटं कशाला लिहू? वाटलं, आता फोन येणार.

२३ सप्टेंबर

आला!

घटस्थापना काल झाली, आज सकाळी पराग. स्वतःहून. मी धुण्याच्या पाण्यानं भरलेल्या हातानंच उचलला.

"मॅम, एक छोटं काम होतं. तुमचा फ्रेश फोटो पाहिजे."

कशाला? तर सेटचं घर बदलायलेत. नवा बंगला, मोठी भिंत. जुना फोटो एपिसोडमधून उचललेला, मोठा केला की फुटतो. "स्टुडिओत काढून पाठवा ना. साधा. नथ नको, मेकअप नको. आक्कासाहेबांवर आता सगळ्यांचं प्रेम आहे मॅम, सुनासुद्धा त्यांची आठवण काढून रडतात. तर प्रेमळ दिसू दे. हसरा."

म्हणजे दरीत ढकलून मला देवता केलंय.

विचारलं, आणि माझा सीन? "आधी फोटो येऊ दे मॅम. मग बोलू." मग बोलू म्हणाला. म्हणजे बोलायचं आहे. नाही तर कशाला म्हणेल?

माय त्या दिवसापासून शांत आहे. सिरियल लावा म्हणते, बघते, पदर तोंडाला लावत नाही. फोटो आला की नमस्कार करते आणि सुपारी कातरायला लागते. मिनी वाटंला लागली, मिनीचं झालं. घरात सगळ्यांना हायसं वाटलंय.

मला नाही वाटलं. रडत होती तोवर मी होते तरी तिच्यात कुठंतरी.

२५ सप्टेंबर

सलीमचाचा. स्टुडिओ तोच, मागचा पडदा नवा. डोळ्याला कमी दिसतं आता, नातू कॉम्प्युटरवर बसतो, पण कॅमेरा स्वतःच धरतात.

"बेटी, हारवालाच ना? बघतो मी टीव्हीत. आमची बेगम त्यायला रोज शिव्या देती, चांगल्या बाईला मारलं म्हून."

स्टुलावर बसले. हस म्हणाले. हसता येईना. मी, जिला ग्लिसरीनशिवाय रडता येतं आणि सांगाल तिथं हसता येतं. ओठ ओढले जायचे आणि डोळे तसेच. चाचांनी कॅमेरा खाली केला.

"मयताचे फोटो लई मोठे करून दिले मी. लोकं घरून आनून देतेत, कोनाचं लग्नातलं कापून, कोनाचं आधार कार्डावरचं. पर आजपर्यंत कोनी पायानं चालत आलं न्हवतं."

आणि मला हसू फुटलं. असं फुटलं की स्टुलावरून पडायची वेळ. तेवढ्यात त्यांनी खटकन काढला.

"बस. हाच दे त्यायला."

फोटोत माझे पांढरे केस आहेत. दातावर दात आलेला दिसतोय, आयुष्यभर लपवला तो. डोळ्याच्या कडेला सुरकुत्या. अगदी आज दिसते तशी. चाचांनी काही घेतलं नाही. म्हणाले, जित्त्याचा फोटो हाय, माझ्याकडून.

पाठवला परागला. लगेच उत्तर: जोडलेल्या हातांची तीन चित्रं.

२९ सप्टेंबर

संपलं.

आज मीच फोन केला. आधी भिंतीचं कौतुक. किती छान बसलाय फोटो, डायरेक्टर किती खूश आहेत. मग मी म्हटलं, पराग, आता बोल.

"मॅम... एवढा मोठा फोटो करून घेतला, यावरूनच..."

यावरूनच काय?

"चॅनेलनं ट्रॅक क्लोज केला. पुढच्या आठवड्यात आक्कासाहेबांच्या नावानं सून दवाखाना उघडते, असं वळण आहे. परत आणणं आता कठीण. पण मॅम, तुम्ही रोज दिसणार. तुमच्याशिवाय घर नाही."

मी त्याला मायचं सांगितलं मग. सगळं. मीठ-मिरच्या, कावळा, सगळं. गयावया केली. इतकी वर्षं कुणाच्या पाया पडले नाही ती पडले, फोनवर. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सो सॉरी मॅम." म्हटलं होतं ना मी.

मग ओंकारला लावला. मागं संबळ वाजत होता, शूटिंगच चाललं होतं. "मॅडम, आमी लातूरच्याच एका बाईला घेतलंव. बँकेत असतेत. कधी कॅमेरा बघितला न्हवता, पर काय बोलतेत वो! शेम आपल्यावानी."

अभिनंदन म्हटलं. म्हटलं खरंच. मग पर्समधली पानं काढली आणि मोठ्यानं वाचली, बाथरूमचा नळ सोडून. शब्द बरोबर यायलेत आता. एकदासुद्धा पुण्याचं वाटलं नाही. आता काय करू त्याचं?

हे सगळं कुणाला सांगावं तर घरात एकच माणूस, माय, आणि तिच्या लेखी मी मेलेय. मेलेली पण नाही, मेलेली ती दुसरी. मी मेथी निवडणारी.

२ ऑक्टोबर

दसरा. दादानं सोनं दिलं, "सुखात राहा मिने" म्हणाला आणि लगेच तोंड फिरवलं. मायला वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "औक्षवंत व्हा बाई. घरी कोन कोन असतंय तुमच्या?"

म्हटलं, माय आहे.

"मंग जावा की तिच्याकडं. सणावाराला हितं काय करायल्या?"

दिवसभर काही केलं नाही. जेवले नाही. मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही.

६ ऑक्टोबर

आज सिरियलमध्ये नवा बंगला.

मी बसणारच नव्हते. भाकरी थापायच्या म्हणून आत होते. मायनंच हाक मारली, "ओ बाई, या, लागली." गेले, पिठाच्या हातानं.

सून दार उघडते, सगळे आत येतात, कॅमेरा वर वर जातो. आणि भिंत. आणि मी. भिंतीएवढी. नथ नाही, पैठणी नाही, पांढरे केस, वाकडा दात, सलीमचाचांच्या स्टुलावर खदखदून हसणारी. आणि त्या सगळ्यावर चंदनाचा हार.

मी मायकडं बघितलं. नमस्काराला उचललेले हात तिनं तसेच धरले होते. टीव्हीकडं बघितलं. मग माझ्याकडं. परत टीव्हीकडं, तोवर फोटो गेला होता, सून बोलत होती. माय पुढं वाकून बसली. शेवटी एकदा अजून दाखवला, जरासाच. तिनं पुन्हा माझ्याकडं वळून बघितलं. माझ्या तोंडाकडं. दाताकडं.

"ओ बाई. ही तुमच्यावानी दिसायली बगा."

म्हटलं, "हाव."

"तुमची कोन लागती?"

सांगायचं होतं ते इतके दिवस ओरडून ओरडून सांगितलं होतं. आज तेच तोंडात येईना. भीती वाटली, 'मीच ती' म्हटलं की पुन्हा 'मेथी निवडा' म्हणंल.

"लई जवळची हाय," म्हटलं.

माय सरकून जवळ आली. मग पदर पुढं केला तिनं. स्वतःच्या तोंडाला नाही, माझ्या.

"मंग रडा की. अशा कोरड्या काय बसल्या."

आणि मी रडले. ग्लिसरीन नाही, कॅमेरा नाही, पीठ तोंडाला लागलेलं. ती पाठीवरून हात फिरवत होती आणि मधूनच माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं करून बघत होती. काहीतरी जुळवायली होती. जाहिराती लागल्या तशी तिची नजर पुन्हा रिकामी झाली, म्हणाली, भाकरी जळायली वाटतं. जळलीच होती.

सकाळी परागला फोन करायचा. सीन नको म्हणायचं. परत आणू नको, काही नको. फक्त त्या फोटोवर कॅमेरा जरा जास्त वेळ ठेव म्हणायचं. उद्या ठेव, परवा ठेव. तिचं बघून व्हायचंय अजून.